कोंबडीचा कर

निमगाव सावाहून नारायणगावच्या बाजाराला निघालेली पिकअप आणि शेडवरून कोंबड्या भरून निघालेली गाडी अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या, की मागे कुणी घ्यायचं यावर दोन मिनिटं हुज्जत होते. एकीकडे हौद्यात टोमॅटोचे क्रेट, दाबून बसलेले पाटे, वर ताडपत्री. दुसरीकडे जाळीच्या पिंजऱ्यांतून बाहेर आलेल्या माना आणि रस्ताभर उडणारी पिसं. टोमॅटोवाल्याला लिलाव गाठायचा असतो. कोंबडीवाल्याला ऊन चढायच्या आत पोचायचं असतं, नाहीतर वाटेतच पक्षी मरायला लागतात. कोंबडी आणि पिकअप यांची अशीच एक गाठ साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत पडली, हे दोघांनाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. फरक इतकाच, की तिथे अजून कुणीच गाडी मागे घेतलेली नाही.

या गाठीला तिकडे ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण प्रकरण गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडी स्वस्त झाली. एका छपराखाली हजारो पक्षी, तयार खाद्य, ठरलेल्या दिवसांत ठरलेलं वजन. आज जुन्नर-आंबेगावात ‘पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आपली’ असा जो धंदा चालतो, त्याचं आजोळ तेच. ही गोठवलेली स्वस्त कोंबडी जहाजांनी पश्चिम जर्मनीत जाऊन पडू लागली, तसे तिथले कोंबडीवाले ओरडू लागले. 1962 साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेने बाहेरच्या कोंबडीवर जबर आकार बसवला आणि अमेरिकेची निर्यात घसरली. राष्ट्राध्यक्ष केनेडींशी झालेल्या पत्रव्यवहारातली निम्मी पत्रं कोंबड्यांबद्दलच होती, असं जर्मन चॅन्सेलर अडेनॉअर म्हणाल्याचं सांगतात. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती, क्यूबात क्षेपणास्त्रं आली होती, आणि हे दोन थोर पुरुष तंगड्यांचा हिशेब करत होते.

शेवटी आंतरराष्ट्रीय पंचांनी अमेरिकेचं नुकसान 2 कोटी 60 लाख डॉलर ठरवलं. तेवढ्याची वसुली म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये चार वस्तूंवर वाढीव जकातीचा हुकूम काढला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालट्रक. पुढच्याच महिन्यात तो लागू झाला. ट्रकवरचा दर 25 टक्के. पहिल्या तीन वस्तूंचं समजण्यासारखं आहे, पण कोंबडीच्या भांडणात ट्रक कुठून आला? तो आला फोक्सवॅगनकडून. जर्मनीची ती डबा व्हॅन आणि तिचीच पिकअप अमेरिकेत चांगली खपत होती, वॉल्टर रूथर यांची मोटार कामगारांची बलाढ्य संघटना त्यावर चिडलेली होती, आणि 1964 ची निवडणूक तोंडावर होती. कोंबडीचं निमित्त मिळालं आणि ट्रक कापला गेला. पुढे स्टार्च सुटला, डेक्स्ट्रिन सुटलं, ब्रँडीही सुटली. ट्रक राहिला तो राहिलाच.

परदेशी मोटारीवर तिकडे वर्षानुवर्षं अडीच टक्के जकात होती आणि परदेशी पिकअपवर पंचवीस. एवढा फरक ठेवला की माणूस कल्पक होतोच. जपानच्या सुबारूने 1970 च्या दशकाच्या अखेरीस एक छोटी पिकअप अमेरिकेत पाठवली. तिच्या उघड्या हौद्यात दोन प्लास्टिकच्या सीटा डकवलेल्या, तोंडं मागच्या बाजूला. सीट आहे म्हणजे माणसं बसणार, माणसं बसणार म्हणजे ती मोटार, आणि मोटार म्हणजे कमी जकात. आपल्याकडे हौद्यात बसलेली माणसं दिसली की पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतो. तिथे माणसांची नुसती जागा दाखवली तर जकात कमी होत होती.

पण खरी कमाल केली ती फोर्डने, म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी हा कर होता त्यांच्यातल्याच एकाने. फोर्डची ‘ट्रान्झिट कनेक्ट’ ही माल वाहायची व्हॅन तुर्कस्तानात तयार व्हायची. जहाजात चढताना तिला मागे सीटा असायच्या, खिडक्या असायच्या, पट्टे असायचे. बाल्टिमोरच्या बंदरात ती ‘प्रवासी मोटार’ म्हणून उतरायची, अडीच टक्के भरायची, आणि बंदराजवळच्या गोदामात नेऊन तिच्या मागच्या सीटा उपसून काढल्या जायच्या. त्या सीटा कुणाला विकायच्या नाहीत की कुठे वापरायच्या नाहीत, सरळ तुकडे करून भंगारात. खिडकीच्या काचेच्या जागी पत्रा. संध्याकाळपर्यंत प्रवासी मोटारीचा पुन्हा मालट्रक. ही करामत सीमाशुल्कवाल्यांनी पकडली, खटला वर्षानुवर्षं चालला आणि 2024 साली फोर्डने 36 कोटी 50 लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

ही गोष्ट मी आमच्या आळीतल्या पिकअपवाल्याला सांगितली. तो कांदालागणीच्या बायका घेऊन परत आला होता. बायका हौद्यात उलटे घातलेले रिकामे क्रेट बुडाखाली घेऊन बसल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नव्या कोऱ्या शिटा फाडल्या?” म्हटलं, हो, फाडल्या. “मग इकडं पाठवायच्या की.” फाळका पाडता पाडता त्याने या विषयावरचं भाष्य संपवलं.

देशी कंपनी कोणती आणि परदेशी कोणती, हा वाद अमेरिकेत इतका जुना आहे की त्यातले शब्दच झिजून गेलेत. टोयोटाची कॅमरी 1988 पासून केंटकी राज्यात बनते, होंडाची अकॉर्ड 1982 पासून ओहायोत. तिथले कामगार अमेरिकन, कर भरला जातो अमेरिकेत, नाव तेवढं जपानी. उलट फोर्डची व्हॅन तुर्कस्तानची, नाव तेवढं अमेरिकन. झेंडा कुठल्या गाडीवर लावायचा?

आणि यासाठी इतक्या लांब तरी कशाला जायचं? पुण्याला माल घेऊन निघालेली आपली पिकअप चाकणच्या तळेगाव चौकात तासभर अडकते, तेव्हा तिच्या शेजारी नव्या मोटारींचा लांबलचक ट्रेलर उभा असतो. ज्या फोक्सवॅगनवर तो कोंबडीचा कर बेतला होता, तिचा कारखाना 2009 पासून याच चाकणला आहे आणि इथल्या मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. आपल्या जुन्नर-खेडच्या बाजूची आयटीआय झालेली पोरं पहाटेच्या बसने तिथल्या शिफ्टला जातात. त्या पोरांना ‘देशी की परदेशी’ विचारून बघा. ‘कायम की कंत्राटी’ एवढा एकच फरक त्यांना कळतो, आणि तो त्यांना बरोबर कळतो.

महिंद्राची कथा तर याहून मासलेवाईक आहे. कंपनी मुंबईची, आणि तिने गाड्यांचा धंदा सुरू केला तो 1947 साली अमेरिकेची विलिस जीप इथे जोडून. पुढे जीप आपल्या मातीत इतकी मुरली की खेड्यापाड्यात ती महिंद्राचीच समजली गेली. त्याच महिंद्राने या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत डिझेल पिकअप विकायचा घाट घातला. तिथल्या एका वितरकाशी करार झाला, डीलर नेमले गेले, गाडीची वाट बघून डीलर कंटाळले, करार मोडला, भांडण लवादात आणि कोर्टात गेलं आणि पिकअप काही पोचली नाही. ती बुडाली ती करारातल्या भांडणात. पण पोचली असती तरी दारातच पंचवीस टक्के भरायचे होते, हा हिशेब पहिल्या दिवसापासून समोर होता. महिंद्राचा ट्रॅक्टर मात्र 1994 पासून अमेरिकेत विकला जातो आहे आणि चांगला विकला जातो आहे. ट्रॅक्टरला कोंबडीचा कर लागत नाही.

मग 2018 मध्ये महिंद्राने दुसरी वाट धरली. थेट मोटारींच्या माहेरी, मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्स इथे जुळणी सुरू करून ‘रॉक्सर’ नावाची गाडी काढली. रस्त्यावर चालवायची नाही, शेतात आणि रानात फिरवायची. दिसायला अस्सल जुनी जीप, कारण ती त्याच वंशातली. जीपची मालक असलेली फियाट क्रायस्लर लगेच व्यापार आयोगाकडे गेली: ही आमच्यासारखी दिसते. 2020 साली आयोगाने तो आक्षेप मान्य केला आणि महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून परवाना घेऊन आपण जीप शिकलो, त्यांच्या वारसांनी आपल्याला तुमचा चेहरा आमच्यासारखा आहे म्हणून अडवलं. गंमत अशी, की त्याच वेळी त्या फियाट क्रायस्लरची ‘जीप कंपास’ कुठे बनत होती? शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला, महागणपतीच्या गावात. आणि त्या कारखान्यात निम्मा वाटा टाटांचा. अमेरिकेची जीप रांजणगावची आणि मुंबईची जीप मिशिगनची. यात देशी कोण हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल सांगावं.

आता मुद्द्याचं. या कुंपणाने ज्यांना राखलं त्यांचं काय झालं? फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना मोठ्या पिकअपचा बाजार जवळजवळ आंदण मिळाला. फोर्डची एफ मालिका चार दशकांहून जास्त काळ अमेरिकेतली सर्वाधिक खपाची गाडी राहिली. नफा तिथेच असल्यावर लक्षही तिथेच. लहान, काटकसरी मोटार नीट करायचा खटाटोप कशाला? तो जपान्यांनी केला. 1981 साली अमेरिकेने जपानच्या मागे लागून मोटारींच्या संख्येवर मर्यादा घालून घेतली, वर्षाला 16 लाख 80 हजार. तेव्हा जपान्यांनी काय केलं? गाड्यांची संख्या वाढवता येत नाही म्हटल्यावर महागड्या गाड्या पाठवल्या आणि कारखानेच अमेरिकेत नेले. 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत निघाल्या, क्रायस्लर इटलीच्या फियाटकडे गेली, आणि 2018 मध्ये फोर्डने जाहीर केलं की यापुढे आपल्याच देशात आपण सेदान मोटारी जवळजवळ बंद करणार. सगळं पाप कोंबडीच्या कराचं आहे असं मी म्हणणार नाही. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा बोजा होता, तेलाचे भाव होते, अधिकाऱ्यांचा माज होता. पण बांधाआड सावलीत वाढलेलं रोप उन्हात लावलं की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

त्याची झळ आपल्या जिल्ह्यालाही लागली. जनरल मोटर्सने 2008 मध्ये तळेगावला कारखाना काढला. लहान मोटारींच्या आपल्या बाजारात मारुती आणि ह्युंदाईपुढे तिचा टिकाव लागला नाही. 2017 अखेर तिने इथली विक्री थांबवली, मग मेक्सिकोला निर्यात करत राहिली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं. कायम कामगार पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. 2023 मध्ये तो कारखाना घ्यायचा करार कुणी केला? कोरियाच्या ह्युंदाईने. फोर्डही 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं सांगून मोकळी झाली. घरच्या मैदानात अजिंक्य असलेले हे मल्ल बाहेरच्या फडात चितपट होतात, तेव्हा दोष मातीला देऊन भागत नाही.

अर्थात अमेरिकेला नावं ठेवताना आपण आपल्या अंगणाकडेही पाहावं. आपलं कुंपण त्यांच्यापेक्षा उंच. बाहेरून तयार येणाऱ्या महाग मोटारीवर आपण वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या घरात जकात लावली आहे. कुंपणाआड मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी तीच ती बनत राहिली. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि गाडी आली की पेढे वाटायचं. कुंपण जरा सैल झालं तशी ती गाडी गेली. महिंद्रा त्याच कुंपणाआड वाढली, पण 2002 मध्ये तिने नाशिकला स्कॉर्पिओ केली आणि टिकली. म्हणजे कुंपणानेच मरण येतं असंही नाही. आत असताना कोण काम करतो आणि कोण झोपतो यावर पुष्कळ आहे.

कोंबडीचंही तेच. अमेरिकन माणसाला कोंबडीच्या छातीचं मांस आवडतं, तंगडी नको असते. त्या उरलेल्या स्वस्त तंगड्या भारतात ओतल्या गेल्या तर आपले शेडवाले झोपतील, म्हणून आपणही दार लावून घेतलं. बर्ड फ्लूचं कारण सांगून घातलेल्या आपल्या बंदीवर अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेली आणि 2015 मध्ये अपिलातही निकाल आपल्या विरोधात लागला. 1962 च्या जर्मन कोंबडीवाल्याची भीती आज जुन्नरच्या शेडवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. त्याला बॅचमागे मिळणाऱ्या पैशांतून शेडचा हप्ता फेडायचा असतो. त्याची बाजू मला पटते. डेट्रॉइटच्या मोटार कामगाराचीही पटते. न पटणारी गोष्ट वेगळीच आहे: कर कशासाठी बसवला हे विसरल्यावरही तो का टिकतो?

तो टिकतो, कारण त्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. दक्षिण कोरियाशी झालेल्या करारात अमेरिकेने कबूल केलं होतं, की कोरियन पिकअपवरचा हा पंचवीस टक्के कर 2021 पर्यंत संपवू. 2018 मध्ये पुन्हा बोलणी झाली आणि ती तारीख पुढे गेली, 2041 वर. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांनी सगळ्याच परदेशी मोटारींवर आणखी 25 टक्के लावले, तेव्हा कोंबडीचा कर रद्द झाला नाही. नवा त्याच्यावर चढला. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरने त्या महिन्यात अमेरिकेला गाड्या पाठवणंच काही काळ थांबवलं.

आणि आपल्या शिवारात? 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. शिवनेरीपासून पुण्यापर्यंत आक्रोश मोर्चा निघाला, बाजार बंद पडले, आळेफाट्याला रस्ता अडला. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची किमान किंमत बसली. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य झालं. कुंपण तिकडेही आणि कुंपण इकडेही, पण तिकडचं बाहेरच्याला आत येऊ न देणारं, इकडचं आतल्याला बाहेर जाऊ न देणारं. ट्रक बनवणाऱ्यासाठी सरकार परक्याला दारात अडवतं. कांदा पिकवणाऱ्याला शहरातल्या भावासाठी दारात अडवतं. मधल्या वीस महिन्यांत निदान पाच वेळा नियम बदलले. एवढ्या वेळात पिकअपवाल्याच्या गाडीचं एक पासिंग होत नाही.

परवा तोच पिकअपवाला कांद्याच्या बराखीला गाडी लावून उभा होता. गोण्या भरत होत्या, मालक भावाची चौकशी करायला आडत्याला फोन लावत होता. मी त्याला कोरियाच्या गाडीची तारीख सांगितली, 2041. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. “तवर माझी गाडी भंगारात गेलेली असंल,” तो म्हणाला, आणि बराखीतल्या ढिगाकडे हात केला. “आन् ह्यो दिवाळीच्या पुढं टिकत न्हाई.”